तळ्याचे डोहाळे

माणसं दमली की बसतात. तायडे साहेब बसल्या बसल्या दमायचे आणि मग आडवे व्हायचे.

ते मासळी खात्याचे तालुक्याचे साहेब आणि मी एका लहानशा गावचा ग्रामसेवक. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जिकडे तिकडे काहीतरी नवं होतं. नवी पंचायत, नवी शाळाखोली, नवा मी. आमचं गाव जानेफळपासून दोन कोसांवर. उन्हाळ्यात एस्टी गावापर्यंत यायची, पाऊस लागला की जानेफळलाच हात टेकायची. त्यामुळे तायडे साहेब पहिल्यांदा आले ते चिखल तुडवत, चपला हातात घेऊन. पंचायतीच्या खोलीत येऊन त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीत मी आहे हे पाहून निराश झाले, आणि कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून म्हणाले, "पाणी असलं तं द्या. नसलं तं घाई नाही."

उंच माणूस, पण उंची कधी पुरी वापरली नाही. वारा पडल्यावर दोरीवरचा कोट लोंबावा तसा सगळा देह खाली आलेला. शर्टाची डावी बाही मनगटाला बटण लावून नीटनेटकी, उजवी मात्र खांद्यापर्यंत गुंडाळलेली. बारा महिने अशीच. मला वाटलं एका बाहीची इस्त्री वाचवत असतील. कारण पुढं कळलं.

घाई नाही हे त्यांचं बोलणं आम्हाला लवकरच पाठ झालं. "घाई मासोळीलेही नाही अन् मलेही नाही," असं म्हणून ते कुठंही बसत. तळ्याच्या पायरीवर, बंडीच्या जुवावर, मारुतीच्या पारावर, एकदा तर तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर, आणि पोती मोजणाऱ्यानं त्यांनाही मोजलं. मी एकदा न राहवून विचारलं, "साहेब, तुम्ही एवढे दमलेले का असता हो?" पारावर ते पाय पसरून बसले होते. म्हणाले, "माझा बाप जन्मभर पाटलाच्या दारात उभा होता. बस म्हणणारं कोणी नव्हतं. त्याच्या वाटचं मी बसून घेऊन राह्यलो." आणि हसले. हसतानाही त्यांना थोडे कष्ट पडले.

तर या माणसाकडं आमचं तळं आलं.

तळं गावाचं, पण मासोळीचा ठेका वर्षानुवर्षं मलकापूरच्या एका ठेकेदाराकडं. भोईवाड्यातल्या घरांनी त्याच्यासाठी जाळं ओढायचं, मजुरी घ्यायची आणि मासोळी बंडीत भरून द्यायची. नव्या राज्यात सरकारनं सांगितलं की मासे धरणाऱ्यांनी सोसायटी काढली तर तळं त्यांना देऊ. पण पहिलं पीक नीट आलं पाहिजे. नाही आलं तर तळं पुन्हा लिलावात. ही अट भोईवाड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक होती, कारण कौसाबाई ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची.

कौसाबाईचा नवरा सोसायटीचा चेअरमन होता. कागदावर. सभेत तो तोंड उघडायचा ते तंबाखू टाकायला. बाकीचं तोंड कौसाबाईचं. ठेंगणी, काळीसावळी, लुगड्याचा ओचा खोचलेला, आणि आवाज असा की तळ्याच्या या काठावरून बोलली तर त्या काठावरचा बगळा उडायचा. तायडे साहेबांना तिनं पहिल्या दिवशी पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "गिरामसेवक भाऊ, सरकारनं हे असं काऊन पाठवलं? आजारी हाये का?"

मासोळीची पिल्लं कलकत्त्याहून यायची. रेल्वेनं मलकापूरला, तिथून एस्टीनं आमच्याकडं. ती आणायला तायडे साहेब, कौसाबाई आणि मी असे तिघे गेलो. हंड्यांत जिऱ्याएवढी पिल्लं वळवळत होती. हंड्या बसमध्ये चढवताना कंडक्टर आडवा आला.

"हे काय हाये?"

"पिल्लं हायेत," कौसाबाई म्हणाली.

"तिकीट लागंल."

"तीन वर्साच्या आतले हायेत सगळे. मोजून घे!"

कंडक्टरनं हंडीत डोकावून पाहिलं, मोजायचा विचार सोडला आणि घंटी मारली. खरी गंमत पुढं. पाणी हललं नाही तर पिल्लं गुदमरतात, म्हणून पाण्यावर सारखी थापटी मारत राहायची. तायडे साहेबांनी एका हंडीत हात घातला, कौसाबाईनं दुसऱ्या, मी तिसऱ्या. हंड्या उरल्या. मग कौसाबाई उभी राहिली आणि तिनं सबंध बसला कामाला लावलं. लग्नाला निघालेला एक पागोटेवाला, दोन कापूस दलाल, माहेरी चाललेली एक लेकुरवाळी, जो दिसला त्याच्या मांडीवर हंडी. "मारा थापट्या! पानी हाललं की हवा घुसते, हवा घुसली की जीव जगते. मारा, मारा, पुन्य लागते!" पागोटेवाला म्हणाला, "बाई, मी माळकरी हाये." कौसाबाई म्हणाली, "तं तुमी कुठी खाऊन राह्यले? जगवून राह्यले ना!" तो बापडा मेहकरपर्यंत पुण्य मिळवत राहिला. आणि चिखली गेल्यावर मी मागं वळून पाहिलं तर तायडे साहेब गाढ झोपले होते. मान खांद्यावर, तोंड उघडं. पण उजवा हात हंडीत चालूच. थप, थप, थप. कौसाबाईनंही ते पाहिलं. त्या दिवसापासून आजारी हाये का हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

पिल्लं श्रावणात तळ्यात सोडली. आता त्यांना पोसायचं होतं, आणि त्यासाठी पाणी हिरवं व्हायला हवं होतं. पाण्यात शेण टाकायचं, त्यावर डोळ्यांनाही दिसणार नाही असं बारीक शेवाळ धरतं, त्यावर बारीक किडे जगतात, आणि त्यावर मासोळी. तायडे साहेब तळ्याच्या पायरीवर पोटावर पडत आणि तो गुंडाळलेल्या बाहीचा हात पाण्यात घालत. कोपर बुडताना पंजा दिसेनासा झाला की पाणी जमलं. पंजा लख्ख दिसला तर मासोळी उपाशी.

"आणि मनगट बुडतानाच पंजा गायब झाला तर?" मी विचारलं.

"तं मग पळा," असं म्हणून ते पडून राहिले.

पहिल्या दिवशी पोलीसपाटील दौलतराव काठावर उभे राहून हे बघत होते. गावात पाटलांचा शब्द मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या. तायडे साहेबांचा हात पाण्यात गेला तसे त्यांचे डोळे बारीक झाले. साहेबांनी मान न वळवता सांगितलं, "पगार भेटतो पाटील, याचा." पाटील खाकरले आणि ढगांविषयी बोलू लागले.

पण पंजा लख्खच दिसत होता, कारण शेण कुणी देईना. भोईवाड्यात ढोरं नव्हती, आणि कास्तकार म्हणत, "शेन वावराले टाकू का तळ्याले? तळ्यात का ज्वारी पेरता?" शेवटी तायडे साहेबांनी तळ्यावर सभा घेतली. पुरुष आले नाहीत. बाया आल्या, भोईवाड्यातल्या आणि गावातल्याही, कारण त्या तशाही धुणं घेऊन आलेल्याच होत्या. साहेबांनी सूक्ष्म वनस्पतींपासून सुरुवात केली. बायांनी धुणं आपटायला सुरुवात केली. साहेब आवाज चढवत गेले, धुणंही चढत गेलं. अर्ध्या घटकेत साहेबांचा जीव संपला. त्यांना ते भाषण फक्त लवकर संपवायचं होतं, दुसरा काही हेतू नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

"माय, सोपं सांगतो," ते म्हणाले. "पाणी हिरवं झालं म्हणजे तळं पोटुशी राह्यलं समजा. पोटुशीले काय लागते? खायाले लागते. बस."

आणि आडवे झाले.

धुणं थांबलं. तळ्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे. पाण्यातल्या सात बहिणी. तळं बाईमाणूस आहे हे त्या बायांना सरकारच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. ते पोटुशी राहू शकतं एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. कौसाबाई पाण्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "खरंच की व माय."

दुसऱ्या दिवसापासून शेण आलं. टोपलीनं आलं, घमेल्यानं आलं, बंडीनं आलं. कास्तकारांच्या बायका नवऱ्यांना न विचारता गोठे झाडू लागल्या. खुद्द पाटलीणबाईंनी टोपली पाठवली. दौलतराव पाटील पहाटे गोठ्यात जाऊन पाहतात तर जमीन लख्ख, जणू गोठा सारवून ठेवलाय. "काऊन वं, शेन कुठी गेलं?" तर आतून उत्तर, "पोटुशीच्या घासाले नजर लावू नका!" पाण्यात सरकीची ढेप पडली, भाताची पेज पडली. कुणी चिंचा टाकल्या, कारण पोटुशीला आंबट लागतं. हे सगळं साहेबांच्या हिशोबापेक्षा जास्त होतं, पण हिवाळाभर पाणी छान राहिलं. कोपर बुडताना पंजा जायचा. पायरीवर पोटावर पडलेले तायडे साहेब मान वळवून माझ्याकडं बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी दुसरा शब्द शोधला पण सापडत नाही, आराम दिसायचा. नमुन्याला जाळं टाकलं तर रोहू वीतभर झालेली. कौसाबाईनं ती हातात धरून सगळ्या भोईवाड्यात फिरवली आणि परत पाण्यात सोडली.

मग शिमगा गेला, उन्हं चढली, पाणी उतरलं. पाणी कमी आणि शेण तेवढंच. हिरवा रंग दाटत चालला. चैत्रात वाऱ्यानं एका काठाला साय जमू लागली, तैलरंगाचा डबा सांडावा तशी, निळसर हिरवी, चकचकीत. ढोरं पाण्याशी जात, हुंगत आणि मागं फिरत. बायांना मात्र त्या सायीत हिरवं लुगडं दिसलं. कौसाबाईनं तळ्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. सात दगडांना हळदीकुंकू. मी तिथं होतो, चण्याची डाळ आणि पन्हं मलाही मिळालं. इतकं सुंदर दृश्य मी त्या गावात दुसरं पाहिलं नाही, आणि इतकं चुकीचंही नाही.

तायडे साहेब बऱ्याच दिवसांनी आले. तालुक्यात तळी अनेक, साहेब एक, आणि तेही असे. पायरीवर पडले, हात घातला. मनगट बुडालं आणि पंजा गेला.

ते उठून बसले. कुणाचाही हात न धरता.

"कौसाबाई, उद्या जाळं टाका. अर्धी मासोळी काढा, विकून टाका. शेण आजपासून बंद. ही वरची साय धोतरानं ओढून काढा."

"सायेब, अजून दिवस भरले नाहीत."

"कोणाचे?"

"तळ्याचे. श्रावनात राह्यलं. अखाजी झाली की नऊ महिने भरतीन, मंग काढू. तवर जाळं टाकाले मनाई हाये, आमी बायांनी शब्द देल्ला."

"अहो, ती म्हणायची गोष्ट होती!"

"तुमी म्हनले का नाही म्हनले?"

"म्हणलो."

"मंग? पोटुशीच्या पोटात हात घालते काय कोनी?"

"मी दमलो होतो म्हणून म्हणलो, बाई."

"अन् आता दमले नाही काय?"

तायडे साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. दुपारचं ऊन होतं. भांडायला उभं राहावं लागतं. "आताही दमलो," ते म्हणाले. "शेण तरी बंद करा मग. अखाजी तं आलीच तोंडावर."

शेण बंद झालं. बाकी सगळं तसंच राहिलं.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, पान हलत नाही. नुसते करडे ढग आणि अंगाला चिकटणारा उकाडा. त्या संध्याकाळी तायडे साहेब न सांगता गावात आले आणि माझ्या ओट्यावर बसले. "ढग आवडले नाहीत," एवढंच म्हणाले. फटफटायच्या वेळी कौसाबाईची हाक आली. तिचा आवाज मी सांगितलाच आहे, पण तसा मी कधी ऐकला नव्हता.

तळ्यावर गेलो तर सगळी मासोळी वर आलेली. काठाला लागून हजारो तोंडं, उघडी, मिटती, उघडी. पाण्याची हिरवी साय एका रात्रीत तपकिरी पडली होती आणि वास सुटला होता. काही बाया हात जोडून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, तळं मोकळं व्हायची वेळ आली.

तायडे साहेब कपड्यांनिशी पाण्यात शिरले. "थापट्या मारा!" ते ओरडले. त्यांना ओरडता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं. "हवा नाही पाण्यात! मारा!" भोईवाडा उतरला, मग गाव उतरलं. हातांनी, सुपांनी, फळकुटांनी, खाटेच्या माचव्यांनी लोक पाणी बडवू लागले. पाटील धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात. सबंध गाव तळ्याला मारत होतं, आणि तळं काही बोलत नव्हतं. उजाडलं तसतशी तोंडं मिटायची थांबली. सूर्य ढगाआड वर आला तेव्हा पाण्यावर पांढरी पोटंच पोटं होती. वीतभर वाढून पुढं हातभर झालेली रोहू आणि कटला, आठ-नऊ महिन्यांची.

साहेब पायरीवर आले आणि बसले. कुणीतरी म्हणालं, ताजी हायेत, जानेफळच्या बाजारात नेऊ. साहेबांनी मान हलवली. "हे पाणी खराब झालं. ही मासोळी खाऊ नका, विकू नका. ढोरं आणू नका इकडं."

म्हणजे तेही गेलं.

आणि अशा वेळी गावाला जे सुचायचं तेच सुचलं. कुणीतरी पाण्यात विषारी औषध टाकलं असणार. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झोपडीत सदू राहायचा, ठेकेदाराचा जुना राखणदार. ठेका गेला तशी त्याची राखण गेली होती. त्याच्या झोपडीत कपाशीवर फवारायच्या एंड्रिनचा रिकामा डबा सापडला. खरं म्हणजे तो डबा घेऊन सदू रोज सकाळी कुठं जातो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण सगळं गाव तिकडंच जायचं. पण त्या सकाळी कुणाला ते आठवलं नाही. पोरांनी त्याला ओढत आणून निंबाला बांधलं. तो एवढंच म्हणत होता, "अरे, धुवाचा डबा हाये तो. बाप्पा, धुवाचा हाये." मेहकरहून जमादार बोलावला.

जमादार येईपर्यंत दौलतराव पाटील तायडे साहेबांना माझ्या खोलीत घेऊन आले. मी होतो, कौसाबाई दाराशी होती. पाटलांनी दार लोटलं. त्या दिवशी पाटील वाईट बोलले असं मी म्हणणार नाही. पहाटेपासून तेही पाण्यात होते.

"सायेब, तुमी फक्त औषध म्हना. एकच शब्द. औषध म्हनलं की भोईवाड्याची चूक नाही, तळं त्यायच्याकडं राह्यते. ठेकेदाराचं नाव खराब होते, तो पुन्हा लिलावाले येत नाही."

"अन् सदू?"

"सदूचं काय? जेलात भाकर तं भेटते. इथं कोन देऊन राह्यलं त्याले?"

साहेब सतरंजीवर बसले होते, कपडे अजून ओले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हणतील. अगदी खात्री वाटली. खोट्याला एकच शब्द लागत होता. खऱ्याला पाच-सहा वाक्यं लागणार होती, आणि हा माणूस वाक्यांनी दमायचा. कौसाबाई त्यांच्याकडं बघत होती. तिनंही काही सुचवलं नाही, काही मागितलं नाही. तिच्या लुगड्याला तपकिरी शेवाळ चिकटलं होतं.

जमादार आला. निंबाखाली गाव जमलं. तायडे साहेब बाहेर आले आणि त्यांनी जमादाराशी न बोलता कौसाबाईला विचारलं,

"मरळ मेली का?"

मरळ म्हणजे तळ्यातली जंगली मासोळी. कुणी न सोडता येते, चिखलात राहते, आणि पाण्यात हवा नसली तरी वर येऊन वरची हवा घेते. औषधानं ती मरते. हवा संपल्यानं मरत नाही. जमादाराला हे माहीत नव्हतं, पाटलांना नव्हतं, मला नव्हतं. भोईवाड्यातल्या प्रत्येकाला होतं. प्रश्न कानावर पडताच भोईवाड्याच्या माना खाली गेल्या.

कौसाबाईनं तळ्याकडं मान वळवली. "काय बाई?" जमादार म्हणाला. पाटील खाकरले, एकदा, दोनदा. तिच्या नवऱ्यानं, कधी नव्हे ते, तोंड उघडलं, "कौसे..." एवढंच म्हणाला. नक्की काय सांगायचं होतं ते त्यालाही ठाऊक नसावं.

तिला तळं दिसत होतं. मलाही दिसत होतं. काठाला पांढरा थर, आणि त्याच्या मधून मधून, काळी पाठ वर काढून, एक घोट हवा घेऊन खाली जाणारी मरळ.

"मरळ जित्ती हाये," कौसाबाई म्हणाली. "एकबी मेली नाही."

मग तायडे साहेब बोलले. "लिहा जमादार. औषध नाही. शेण जास्त झालं, हिरवं जास्त झालं, ढग आले, ते सगळं एका रात्री मेलं अन् पाण्यातली हवा खाऊन बसलं. जाळं वेळेवर पडलं नाही. पोटुशी म्हणून सांगणारा मी होतो, अन् पुन्हा नाही म्हणून सांगायचं सोडून घरी जाणाराही मीच."

"मग मला कशाला बोलावलं?" जमादारानं विचारलं. प्रश्न रास्त होता.

सदूचा दोर कौसाबाईनंच सोडला. "ऊठ बे," ती म्हणाली. "अन् तो डबा बदल. जीव जाईन एखाद्या दिवशी."

दुपारी पाळीमागं खड्डे खणले. कुणी रडलं नाही. त्या वासात रडता येत नाही, नाक बंद ठेवावं लागतं. पाटील घरी गेले नाहीत, त्यांनी दोन बैल आणि बंडी दिली. तायडे साहेब टोपल्या उचलून देत राहिले, कुणी नको म्हटलं नाही आणि कुणी शाबासही म्हटलं नाही.

तळं लिलावात गेलं आणि मलकापूरच्याच ठेकेदारानं घेतलं. सदूला पुन्हा राखण मिळाली. भोईवाड्याला पुन्हा मजुरी मिळाली. तायडे साहेबांची बदली झाली, ती थेट रत्नागिरीकडं, समुद्रावर. खात्याची ही शिक्षा होती की दया, मला कळलं नाही. निघायच्या दिवशी ते माझ्याकडं आले. पाऊस अजून लागायचा होता, एस्टी गावापर्यंत येत होती. वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आम्ही पारावर बसलो. कौसाबाई तळ्याकडं निघाली होती, आम्हाला पाहून वळली आणि खालच्या दगडावर टेकली. खड्डे बुजवल्यापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"तुमी समुद्रावर चाल्ले म्हने."

"हाव."

"तिथलं पानी असं होते काय?"

"होते म्हणतात. कधी लाल होते. मासोळी मरते, अन् त्या दिवसांत शिंपल्यातलं मांस खाल्लं तं माणूस आजारी पडते म्हणतात."

कौसाबाईनं विचार केला. "मंग तिथल्या बायांले काही सांगू नका हं सायेब. लाल म्हनलं तं त्या हळदीकुंकू करतीन."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडताहेत.

"आता सांगा," ती म्हणाली. "गोष्ट नका सांगू. काय झालं होतं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. ते बारीक शेवाळ दिवसा उन्हात हवा सोडतं, रात्री हवा घेतं. जास्त झालं की रात्री जास्त घेतं. ऊन नसलं की सोडत नाही. मग ते मरतं, कुजतं, आणि कुजताना उरलेली हवाही घेतं. कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर म्हणाली, "हे तवाच असं सांगतलं असतं तं?"

"ऐकलं असतं का?"

ती तळ्याच्या दिशेनं बघत राहिली. "नसतं ऐकलं," म्हणाली.

बस आली. साहेब चढले, पेटी चढली. घंटी झाली आणि बस घुर्र करून बंद पडली. पुन्हा घुर्र, पुन्हा बंद. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा, धक्का मारा." आम्ही चारसहा जण मागं गेलो. तायडे साहेबही उतरले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही बसा. त्यांनी ऐकलं नाही. खांदा पत्र्याला लावला, पाय मातीत रोवले. शेजारी कुणीतरी येऊन टेकलं, पाहतो तर कौसाबाई. बस हलली, हलली आणि पाळीच्या उतारावर एकदम धरली. आणि मग मी तायडे साहेबांना धावताना पाहिलं. लांब लांब ढांगा टाकत, कोपरं बाहेर, एक चप्पल हातात. कंडक्टरनं दारातून हात दिला, ते लोंबकळले, आत ओढले गेले, आणि धुळीतून डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडले.

"काय म्हनले सायेब?" कौसाबाईनं विचारलं.

"सोसायटी मोडू नका म्हणाले."

"मोडून राह्यलं कोन?" हाताला लागलेलं बसचं काळं तिनं लुगड्याला पुसलं. "ठेका का जनमाचा हाये? तळं का पळून चाल्लं?"

पाळीवरून हाक आली. पाणी निवळलं तशी उरलेली मरळ काढायला ठेकेदाराची माणसं जाळं घेऊन थांबली होती, आणि ते ओढायला माणूस कमी पडत होतं. "आली, आली," असं ओरडून कौसाबाईनं ओचा खोचला आणि ती निघाली.